आठव्या मजल्याची वही

१८ मे २०१९, शनिवार

माझंच टेबल बघायला तिकीट काढलं! पेन्शनवाल्यांना निम्मं, एवढेच काय ते उपकार.

हॉटेलच्या आठव्या मजल्यावर आता संग्रहालय केलंय. लिफ्टचं दार उघडलं की समोर टेबल, दिवा, फोन, किल्ल्यांचा फळा. त्या टेबलामागे मी सोव्हिएत राजवटीत बावीस वर्षं बसले, १९६९ ते १९९१. किल्ल्या द्यायच्या, चहा करायचा, मजल्यावर लक्ष ठेवायचं. आज तिथं दोरी बांधलीय – हात लावू नये म्हणे!

राइविस नावाचा पोरगा माहिती सांगतो. तिशीचाही नसेल. सोबत दहा-बारा जर्मन पर्यटक. माझं जर्मन गंजलंय, पण एवढं कळतं. उचलली जीभ, लावली टाळ्याला – "इथं बसणारी प्रत्येक बाई गुप्त पोलिसांचा कान होती. रीगाला आलेला परदेशी माणूस किती वाजता शिंकला, तेसुद्धा वर कळायचं." जर्मन हसले. एकीने फोटो काढला.

गप्प बसायला हवं होतं. नाही बसले! मागून ओरडले, "फोन राखाडी होता, काळा नव्हता! आणि आम्ही पाहुण्यांची तुटलेली बटणंही लावून द्यायचो, तेही सांग की!"

१२.४० ला बाहेर पडले, १.०५ ला घरी. (वेळ लिहायची खोड जात नाही. ड्यूटीची सवय. कोण आलं, कोण गेलं, किती वाजता – मजल्याची वही असायची. भरली की खाली जायची, नवी यायची. लिहिल्याशिवाय मला अजूनही झोप येत नाही.)

पण मी कुणाचं एक अक्षर कुणाला सांगितलं नाही. एक अक्षर!

१९ मे

सकाळपासून नुसती चिडचिड. चोर सोडून संन्याशाला फाशी.

२५ मे

पुन्हा गेले. ११.०० ते १२.१०. आज म्हातारे स्वीडिश होते. दिव्याची छत्री चुकीची आहे, सांगितलं. किल्लीला लाकडी गोळा असायचा, चांगला सफरचंदाएवढा, कुणी खिशात घालून पळू नये म्हणून – तेही सांगितलं. मग त्यांच्याच एका देशबांधवाची गोष्ट सांगितली. पिऊन पॅसेजमध्येच आडवा झाला होता. मी अंगावर घोंगडी टाकली, बूट टेबलाखाली लपवले, मॅनेजरला कळू दिलं नाही. स्वीडिशांनी टाळ्या वाजवल्या! राइविसचं तोंड बघण्यासारखं झालं.

लिफ्टपाशी मागे आला. "रास्माबाई, दर शनिवारी असंच भांडणार का?"

"जीव आहे तोवर."

"मग दोरीच्या आत बसून भांडा ना. लोकांना तुम्हीच जास्त आवडताय."

१ जून

बसले. उशी घरून नेली. खुर्ची ती नाही, पण टेबल तेच – डाव्या खणावर माझ्या इस्त्रीचा डाग अजून आहे.

८ जून

आज अंगावर काटा आला.

अकराच्या गटात साठीची एक बाई होती. राखाडी केस, चांगला कोट. टोरांटोची, पण बोलली आपल्या भाषेत – जुनी, जपून ठेवलेली लाटव्हियन, आमची आई बोलायची तशी. सिल्विया नाव. "माझे वडील जुलै १९७७ मध्ये याच मजल्यावर उतरले होते. खोली ८०६. चव्वेचाळीसला देश सोडून गेले, त्यानंतर पहिल्यांदा आले होते."

मी म्हणाले, "उंच गृहस्थ. कॉफीत साखर नाही."

ती खाली बसलीच!

तेव्हा बाहेर पळालेल्यांना पाच दिवस मिळायचे, तेही फक्त रीगात. नातेवाइकांनी खाली हॉलमध्ये भेटायचं, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. त्या माणसाची बहीण मिर्दझा त्सेसिसहून आली होती. तेहतीस वर्षांनी भाऊ भेटणार, आणि भेटायचं कुठे तर कुंडीतल्या झाडाआड! मागच्या जिन्याने वर आली, धापा टाकत. मी नियम खुंटीला टांगला. चहा दिला, थोडं बोलले, आणि ८०६ चं दार उघडून दिलं. स्वतःच्या हाताने! सापडले असते तर माझी नोकरी गेली असती.

हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. सिल्वियाने दोरी ओलांडून मला मिठी मारली. मग हळूच म्हणाली, "कुणीतरी कळवलं होतं, रास्माबाई. सप्टेंबरात आत्याला शाळेतून काढलं. पुन्हा कधी शिकवू दिलं नाही. शेवटपर्यंत कोंबड्यांच्या फार्मवर अंडी निवडली तिने."

"माझ्या मजल्यावरून नाही," मी म्हणाले. "खालच्या दारवानाला विचार. तो मेला, पण विचार!"

९ जून

माझ्या मजल्यावरून नाही.

१४ जून

सायबेरियाला नेलेल्यांचा दिवस. काळी फीत लावून झेंडा बाहेर काढला. समोरच्या नव्या भाडेकरूंनी काढला नाही. दार वाजवून सांगितलं. काढला.

१५ जून

राइविस आनंदाने नाचतोय. जुन्या सरकारी दप्तरात आमच्या हॉटेलच्या वह्या सापडल्या, आठव्या मजल्याच्याही! शुक्रवारी येतील. काचेच्या पेटीत एक पान उघडं ठेवणार. सिल्वियाला जुलै १९७७ बघायचंय.

येऊ दे की! कर नाही त्याला डर कशाला. शनिवारी मीच वाचून दाखवीन म्हटलं.

२० जून

माझा नामदिवस, कॅलेंडरात माझ्या नावापुढचा दिवस. या दिवशी आपण कुणाला बोलवत नाही, ज्याला आठवण असेल तो येतो. केशराचा गोड पाव केला, कॉफी ठेवली. शेजारची आली, जुन्या धोबीखान्यातली माल्विना आली. ४.२० ला सिल्विया! पिओनीची सात फुलं घेऊन. टोरांटोत वाढली, पण सम संख्या मयताला, हे विसरलेली नाही. तिच्या आईने नीट शिकवलंय.

उभी राहिली, काळ्या कडू दारूचा पेला वर धरला. म्हणाली, "आत्या मरेपर्यंत सांगायची – त्या हॉटेलात एक चांगली मुलगी होती. तिच्यामुळे मला माझा भाऊ मिळाला. साडेतीन तास."

माल्विना रडली. मीही. मला इतकं बरं कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं.

५.५० ला गेली.

२१ जून

१०.१५. राइविसने फोन केला. "तुम्ही आधी एकदा बघून घ्या." आवाज नेहमीचा नव्हता.

१०.५०. वही बघितली.

९ जुलै १९७७. माझं अक्षर, गोल, स्वच्छ. '८०६. भेटायला बहीण, मिर्दझा. त्सेसिसची, शिक्षिका. आली २.१०. गेली ५.४०.'

मला कुणी विचारलं नव्हतं. धमकी नव्हती, बक्षीस नव्हतं. नियम मोडला, तो चांगुलपणाने मोडला – आणि मग बसून तो वहीत लिहिला! रिकामी ओळ मला बघवत नव्हती म्हणून. आणि ती शिक्षिका आहे हे दारवानाला कुठून ठाऊक असणार? चहा पिताना मी विचारलं होतं.

'शिक्षिका' या शब्दाखाली लाल पेन्सिलीची रेघ आहे. रेघ माझी नाही. शब्द माझा आहे.

राइविस खाली बघत म्हणाला, "पेटीत दुसरं पान उघडं ठेवता येईल. मे महिना, समजा. सिल्वियाबाईंना सांगू की जुलै ओला होऊन चिकटलाय."

याच पोराशी महिनाभर भांडले. चूक त्याची नव्हती.

"खबरदार!" मी ओरडले. "तेच पान. आणि वाचणार मीच. कबूल केलंय."

२२ जून

११.००. वाचलं. मोठ्याने, उभं राहून, सिल्वियाकडे बघत. 'शिक्षिका' हा शब्द गिळला नाही. "हे अक्षर माझं," म्हणाले. राइविसने पर्यटकांना भाषांतर करून सांगितलं नाही. त्यांना वाटलं, संपलं. टाळ्या वाजवल्या.

११.०४. सिल्विया लिफ्टमध्ये गेली. दार बंद झालं.

११.०५ ते ४.०० बसून होते.

२३ जून

आज लीगोची संध्याकाळ, भर उन्हाळ्यातला सण. सगळं शहर होळ्या पेटवायला गावाकडे गेलं. ओकच्या पानांचा मुकुट केला, शहाजिऱ्याचं चीज कापून ठेवलं. कुणासाठी, ते माहीत नव्हतं.

सिल्विया आली.

किती वाजता आली, काय बोलली, किती वेळ बसली – लिहिणार नाही.