शेजारच्या खुर्चीचं बटण

ता. ३, मंगळवार

सौ. वहिनींस,
सप्रेम नमस्कार.

इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. ठीक कसलं डोंबलाचं! गुरुवारपासून मास्तरांचा पत्ता नाही आणि तुम्ही एकट्या. तुमच्या घशाखाली घास तरी उतरत असेल का, याच विचारात माझे दिवस जातायत.

मी कोण ते आठवलं ना? मागच्या वर्षी तुम्ही सभागृह बघायला आला होतात, तेव्हा मास्तरांनी ज्या बाईची ओळख करून दिली होती ती मी. ‘ही माझी शेजारीण, मौनीबाई,’ असं म्हणाले होते, आणि तुम्ही त्यांना कोपरखळी मारली होतीत. खोटं नव्हतं ते. आमचे हे निवडून आले आणि वर्षाच्या आत गेले. पक्षाला रडणारी बायको हवी होती, ती मी आयती मिळाले. शिलाईच्या दुकानातून उठवून मला मागच्या रांगेत मास्तरांच्या शेजारी नेऊन बसवलं. बसवलं ती बसलेच.

मध्यंतरी एका संस्थेनं आम्हा सगळ्यांच्या कामगिरीचा तक्ता छापला होता. माझ्यापुढे हजेरी शंभर टक्के, प्रश्न शून्य, भाषणं शून्य, मत कायम पक्षाच्या बाजूनं. मास्तरांचे प्रश्न सगळ्या सभागृहात जास्त, आणि पक्षात राहून पक्षाविरुद्ध तीनदा मत दिलेलं. मला म्हणाले, ‘बाई, काय स्वच्छ प्रगतिपुस्तक! एक शाईचा डाग नाही. तुम्हाला हजेरीचं बक्षीस नक्की.’ मी हसले. त्यांचा राग यायचाच नाही मला.

पेपरात छापलेल्या ‘हो’ म्हणणाऱ्यांच्या यादीवरून कुणी तुमच्या दाराला डांबर फासल्याचं ऐकलं. लोकांचं काय हो, उचलली जीभ लावली टाळ्याला. पडलेल्या पुलाची चौकशी बंद करण्याच्या विधेयकाला मास्तरांनी ‘हो’ म्हटलं म्हणून ज्यांना बोलायचंय ते बोलू देत. तुम्ही त्या यादीकडे लक्षच देऊ नका. पोलीस शोध घेतायत, सापडतील.

बाकी थंडी वाढलीय. तुम्ही विणलेला मास्तरांचा राखाडी स्वेटर माझ्याकडे सुखरूप आहे, त्याची काळजी नसावी. कुणी येणारं जाणारं मिळालं की पोचता करते.

धीर धरा.

तुमची,
मौनीबाई

• • •

ता. ८, रविवार

सौ. वहिनींस,
नमस्कार.

पाकिटावर ‘सौ.’ लिहिताना हात थांबला होता. मग मुद्दाम ठसठशीत लिहिलं.

तुमचं उत्तर मिळालं. तुम्ही लिहिलंत, ‘ते स्वेटरशिवाय दारापर्यंतसुद्धा जात नाहीत. तो तुमच्याकडे कसा आला?’ वाचलं आणि दुकानाचं दार आतून लावून घेतलं. गेल्या पत्रात ते वाक्य लिहून पाकीट चिकटवलं तेव्हा मला काही वाटलं नव्हतं. की तुम्ही विचारावंत असं मनातून मलाच वाटत होतं, देव जाणे.

हे पत्र पोस्टानं पाठवत नाहीये. आमच्या दुकानातली काज-बटणवाली तुमच्याच गावी तिच्या लेकीकडे निघालीय, तिच्या पिशवीत देते. दुकानासमोर तीन दिवस एक गाडी उभी आहे. आत दोघं असतात, कधी उतरत नाहीत. फोन वाजतो, मी ‘हॅलो’ म्हणते, पलीकडे कुणी नुसतं श्वास घेतं. पहिल्या दिवशी मी त्याला चांगली शिवी हासडली. आता हासडत नाही. आता हळूच खाली ठेवते.

तर स्वेटर. तो खुर्चीच्या पाठीवर होता. कारण मास्तर परत येणार होते, वहिनी.

पुलाच्या विधेयकावर चर्चा चालली होती. मतदानाला थोडा वेळ होता. तेवढ्यात एक शिपाई आला, मी तरी त्याला आधी कधी पाहिलं नव्हतं. मास्तरांच्या कानाशी वाकून म्हणाला, ‘मागच्या फाटकावर घरून निरोप आलाय, मंडळींना बरं नाही.’ मास्तर उठलेच. स्वेटर घातला नाही, चष्म्याचं घरसुद्धा तिथंच राहिलं. मला म्हणाले, ‘आलोच मी. घंटा झाली आणि मी पोचलो नाही, तर तेवढं माझं बटण दाबा.’

तुम्ही ठणठणीत होतात आणि घरी त्यांची वाट बघत होतात, हे मी दुसऱ्या दिवशी पेपरात वाचलं; म्हणजे निरोपच खोटा होता.

आमच्याकडे प्रत्येकाच्या खुर्चीपुढे दोन बटणं असतात, ‘हो’ला हिरवं, ‘नाही’ला लाल. घंटा थांबली की दारं बंद. मग बाहेरचा बाहेर. कुणी चहाला गेलेलं असतं, कुणी फोनवर असतं, शेजारचा हात लांब करून त्याचंही दाबतो. नियमात बसत नाही, पण सगळे करतात. त्या दिवशी घंटा झाली, दारं लागली, मास्तर आले नाहीत. मी त्यांचं बटण दाबलं.

म्हणून ते यादीत आहेत. मतदानाच्या वेळी ते सभागृहात नव्हतेच.

आणि पोलीस सगळीकडे सांगत सुटलेत की ते मतदानापर्यंत आत होते, सगळ्यांबरोबर संध्याकाळी मुख्य फाटकानं निघाले असतील, मग स्टेशनकडे गेले असतील. तिथंच शोध चाललाय. दुपारच्या मागच्या फाटकाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही.

मी का बोलले नाही? दुसऱ्याच दिवशी, शुक्रवारी सकाळी आमचे प्रतोद घरी आले. पक्षातल्या कुणी कधी कसं मत द्यायचं ते हे ठरवतात, आम्ही त्यांना ‘हेडमास्तर’ म्हणतो. आल्या आल्या माझ्या हातचा चहा मागितला. माझ्या शिलाईचं कौतुक केलं. मग म्हणाले, ‘ताई, काल मास्तर तुमच्या शेजारीच होते ना मतदानाला?’ विचारलं तसं, पण उत्तर त्यांनीच दिलं, ‘होतेच. रेकॉर्डवर आहे.’ उठताना भिंतीवरच्या फोटोकडे बघून म्हणाले, ‘मुलगा वीज कंपनीत ना? खांबावर चढायचं काम. जपायला सांगा हो त्याला.’

वहिनी, मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. वर ‘पुन्हा या’ म्हटलं मी! सवय हो, दुसरं काय. दार लावलं आणि तिथंच पायपुसण्यावर बसून राहिले.

हे वाचून जाळून टाका. कुणाला दाखवू नका. माझा एकुलता एक आहे.

तुमची,
मौनीबाई

• • •

ता. ११, बुधवार, सकाळ

सौ. वहिनींस,

काज-बटणवाली काल परत आली. ब्लाऊजच्या कापडात गुंडाळलेली तुमची चिठ्ठी दिली. मला वाटलं होतं शिव्या असतील. मास्तरांच्या जिवाशी खेळलीस म्हणाल, तोंड काळं कर म्हणाल. त्याची तयारी केली होती मी. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत : ‘त्यांनी कोणतं दाबायला सांगितलं होतं?’

लाल.

‘माझं लाल दाबा’ म्हणाले होते. मागच्या पत्रात मी ‘लाल’ गाळलं.

तुम्ही पत्रकारांना सांगितलंत की हा माणूस या विधेयकाला मेला तरी ‘हो’ म्हणणार नाही. त्या पुलाबरोबर त्यांच्या शाळेची मुलं गेली होती, पाण्यातून काढलेली दप्तरं त्यांनी स्वतः ओळखली होती. लोक हसले तुम्हाला. ‘बायकोला नवऱ्याचं काय ठाऊक’ म्हणाले. तुमच्या दाराला डांबर लागलं. वहिनी, तुमचा शब्द न् शब्द खरा होता. खोटं माझं बोट होतं.

घंटा झाली. पुढच्या बाकावरून हेडमास्तर वळले आणि एकेक रांग बघत मागे आले, नजरेनं. माझं हिरवं मी दाबलं, नेहमीसारखं. मग मास्तरांच्या खुर्चीकडे हात नेला. बोट लालवर होतं, शपथेवर सांगते, लालवरच होतं. तेवढ्यात त्यांची नजर आमच्या रांगेत पोचली. मला वाटलं, मीच लाल दाबतेय हे दिसेल, उद्या मलाच बोलावतील. बोट सरकलं. कुणी धमकी दिली नव्हती, कुणी काही बोललं नव्हतं. नुसती एक नजर, आणि मी घाबरले. जन्मभर लोकांच्या कपड्यांना बटणं लावली आणि हे एक बटण मला धड दाबता आलं नाही.

विधेयक दोन मतांनी पास झालं. मास्तरांचं लाल पडलं असतं तर बरोबरी झाली असती. म्हणूनच तर त्यांना उठवून नेलं असणार. नेणाऱ्यांना फक्त मास्तर सभागृहाबाहेर हवे होते. वर हे हिरवं मत माझ्याकडून फुकट मिळालं. आता कुणी म्हणतच नाही की मास्तरांचं पक्षाशी वाकडं होतं. ‘हो’ म्हणणाऱ्या माणसाला कोण कशाला उचलेल? ज्यांनी नेलं त्यांच्यावरचा संशय मीच पुसून टाकला.

काल मागच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे गेले. त्याच्या मुलीच्या लग्नातले कपडे मी शिवले होते. म्हटलं, कॅमेऱ्यातलं किती दिवस राहतं रे? म्हणाला, ‘पंधरवडा. मग आपोआप पुसतं.’ पुढे मला काही विचारायला न लावता तोच म्हणाला, ‘गुरुवारचं अजून आहे. परवा दिवसभर असेल. पण मागणार कोण?’

रात्री मुलाला फोन केला, सगळं सांगितलं. मग म्हणाला, ‘आई, वेडी झालीस का? तू गप्प राहा.’ मी ‘बरं’ म्हणून ठेवणार, तर म्हणाला, ‘थांब. मास्तरांनी मला खात्याच्या परीक्षेसाठी गणित शिकवायचा प्रयत्न केला होता, आठवतंय? सुट्टीत? एकदाही ओरडले नाहीत गं.’ आणि रडायला लागला. तो घोडा तीस वर्षांचा आहे, वहिनी. आज कामावर जाऊ नको म्हटलंय. गेला नसेल अशी आशा करते.

उद्या सकाळी सभागृह भरलं की मी उभी राहणार. कसं उभं राहायचं तेसुद्धा मला माहीत नाही, हात वर करतात की नुसतं उठतात. मास्तर असते तर विचारलं असतं. माइक बंद करतील. आरडाओरडा करतील. म्हणून वाक्यं लहान ठेवलीत, सकाळपासून मशीनपाशी बसून पाठ करतेय : ते आत नव्हते. बटण मी दाबलं. त्यांनी लाल सांगितलं होतं, मी हिरवं दाबलं. मागच्या फाटकाचं चित्रण आजच बघा. तेवढं बोलून होईपर्यंत मला खाली बसवलं नाही म्हणजे मिळवलं.

स्वेटर पाठवत नाही, रागावू नका. उद्या तो हातात धरून उभी राहणार आहे. कशाला तरी धरायला हवं. नंतर त्यांच्या खुर्चीच्या पाठीवर होता तसा ठेवीन.

मागच्या पत्रात जाळा म्हटलं होतं. जाळू नका. तिन्ही पत्रं जपून ठेवा. मला बोलू दिलं नाही, किंवा मी तिथं पोचलेच नाही, तर ही पत्रं घेऊन जे पत्रकार तुम्हाला हसले त्यांच्याकडेच जा. वाचून दाखवा मोठ्यानं.

गाडी अजून समोर उभी आहे. मला भीती वाटतेय, वहिनी. क्षमा मागत नाही. ती मास्तर आल्यावर त्यांच्याकडेच मागेन, तुमच्या देखत.

ज्या हातानं हिरवं दाबलं, त्याच हातानं हे लिहिलंय.

तुमची,
आजच्या दिवसापुरती
मौनीबाई