सगळ्यांत जड नोंद

३ फेब्रुवारी, सोमवार
आलो बुवा एकदाचे! परळीच्या वीजकेंद्राची राख मागं टाकून नांदूरघाटाजवळच्या या मोकळ्या माळावर. बायकोनं, संगीतानं, सकाळी वाळत घातलेले कपडे संध्याकाळीही पांढरेच राहिले, तर बाई दोनदा हात लावून बघून आली. आमची चार वर्षांची रोहिणी तर अंगणात सुटली ती जेवायलाच आत आली.

काम झकास आहे. इथल्या पशुपालक संस्थेनं साडेचारशे मेंढ्यांच्या गळ्यात पट्टे बांधलेत. कुठली मेंढी कुठं फिरतेय, कुणाला ताप आहे, सगळं एका खोलीतल्या सर्व्हरवर दिसतं. एका मेंढीची एक नोंद, चोवीस तास चालू. मशीनची मेमरी भरत आली की प्रशासकाला, म्हणजे आता मला, प्रविणरावांना, मोबाइलवर इशारा येणार: 'सगळ्यांत जड नोंद अमुक. बंद करू?' आपण 'हो' किंवा 'थांब' दाबायचं, दुसरी नोंद निवडायची सोय नाही. 'थांब' म्हटलं की मशीन तासभर कळ काढतं. पाच मिनिटांत उत्तर दिलं नाही तर इशारा दुसऱ्या नंबरवर जातो. दुसरं कोण आहे इथं? संगीताचा नंबर टाकून दिला. ती कुठलाही मेसेज आला की न वाचता 'हो' दाबते, त्यापायी तिच्या फोनवर तीन-तीन कॉलर ट्यूनचे पैसे कापले गेलेत! हसून हसून पोट दुखलं.

आधीचे बद्रीनाथ साहेब का गेले विचारलं, तर सगळे विषय बदलतात.

६ फेब्रुवारी, गुरुवार
म्हाळूबाबा येऊन बसले होते. वय सत्तर, मेंढ्या दोनशे, आणि जिभेला हाड नाही. त्यांच्या घरात म्हणे नवी घंटा आधी लेकराच्या गळ्यात घालतात, मग मेंढराच्या. त्यानं कळपाला नजर लागत न्हाई, लई जुनी रीत हाय. मला नवा पट्टा तपासायचाच होता. म्हटलं, हा शकूनही होऊन जाऊ दे. रोहिणीच्या गळ्यात घातला. ती अंगणात पळतेय आणि पडद्यावर तिचा ठिपका पळतोय! नोंद आपोआप उघडली, तिला नाव दिलं: 'रोहिणी, चाचणी'. मग पट्टा काढून ठेवला.

१२ फेब्रुवारी, बुधवार
पहिला इशारा आला. म्हाळूबाबांच्या एका मेंढ्याची नोंद फुगली होती. 'हो' दाबलं. एक नोंद बंद केली की मशीन एकदम हलकं होतं. संध्याकाळी बाबा आले ते डोळे पुसतच. तोच मेंढा चरता चरता पडला. ना फेस, ना पोटफुगी. मीही हळहळलो, चहा पाजला. योगायोग, दुसरं काय.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
दुपारी पुन्हा इशारा, पुन्हा 'हो'. दहा मिनिटांत बाबांचा फोन. त्यांची गाभण मेंढी गेली. त्यांनी पट्ट्याचा नंबर सांगायच्या आत मीच सांगितला. बाबांनी विचारलं, तुमाला कसं ठाऊक?

फोन ठेवून दिला. आता 'हो' दाबायचं नाही.

१९ फेब्रुवारी, बुधवार
देवा, काय करून बसलो मी.

सकाळी वीज गेली, बॅटरीनं दगा दिला, मशीन दोन मिनिटं बंद पडलं. माळावर सगळ्या मेंढ्या जागच्या जागी कोसळल्या, त्यातल्या अकरा पुन्हा उठल्याच नाहीत. आणि घरात रोहिणी खेळता खेळता कोसळली. संगीताच्या किंकाळ्या इथवर आल्या. वीज आली तशी पोरीनं डोळे उघडले.

मग मी बंद झालेल्या नोंदींची यादी उघडली. जानेवारीतली शेवटची ओळ: 'बद्रीनाथ, चाचणी'. त्यांनी पट्टा स्वतःच्या गळ्यात घालून बघितला होता.

रोहिणीची नोंद अजून चालूच आहे. पट्टा नाही म्हणून ती त्याला शोधत राहते आणि फुगत जाते. पट्टा परत घातला, पण फुगलेली नोंद उतरेना. काढून टाकायची तर बंद करावी लागते.

२० फेब्रुवारी, गुरुवार
संगीताला सगळं सांगितलं. ती म्हणाली, तुमचं डोकं फिरलंय. पोरीला घेऊन परळीला माहेरी गेली. फोन उचलत नाही. पट्टा इथंच काढून टाकलाय, तरी ठिपका परळीत दिसतोय. चालूच आहे. अंतराला काही अर्थ नाही.

हे मशीन बसवणाऱ्या पुण्याच्या इंजिनिअरच्या हातापाया पडलो. तो मोठं मशीन घेऊन सोमवारी येतो म्हणाला. नोंदी बंद न करता तशाच त्यावर सरकवता येतील. सोमवारपर्यंत निभावायचंय.

२२ फेब्रुवारी, शनिवार
आला.

'सगळ्यांत जड नोंद: रोहिणी, चाचणी. बंद करू?'

थांब. दोन वेळा नेम चुकला, तिसऱ्यांदा दाबलं गेलं. दर तासाला येणार. झोपायचं नाही.

२३ फेब्रुवारी, रविवार
थांब. थांब. थांब. तेवीस झाले. म्हाळूबाबा भाकरी ठेवून गेले. म्हणाले, तुमी पडा घटकाभर, मी बसतो. त्यांना अक्षर वाचता येत नाही. कसा झोपू?

डोळ्यांत मिरचीची पूड टाकल्यागत होतंय. लिहीत राहतो. लिहिलं की जाग राहते. रोहिणीला पेरू आवडतात. बिया थुंकते. तिला—

२४ फेब्रुवारी, सोमवार
सकाळी ९. थांब.

इंजिनिअरचा फोन! गाडी लिंबागणेशला पोचलीय. तासाभरात इथं. आता एकच इशारा, दहाचा. तेवढा एक दाबला की सुटलो. पोरगी वाचली. संगीता म्हणेल ते ऐकीन. पुन्हा परळीला जाऊ, राख तर राख. अंगणात पेरूचं झाड लावू आणि रोहिणीला रोज—

पेन खाली ओढलं गेलंय. पानभर रेघ. डोळा लागला का माझा

१०.०६

पडद्यावर: 'उत्तर आले नाही. इशारा दुसऱ्या प्रशासकाकडे पाठवला.'

दुसरा— संगीता

फोन लावतोय, वाजतोय, उचलत नाही. उचल ना गं. बाहेर गाडी थांबली, इंजिनिअर हाका मारतोय. संगीता, वाच गं, एकदा तरी वाचून— माझाही फोन वाजला, तिचं उत्तर आलं पडद्यावर, 'ह