लोसाली आत्या रविवारी जेवायला आली

तीर्थस्वरूप कितिओने मामांना,
कोलोवाईहून भाचा पेनिसिमानी याचा मनापासून नमस्कार.

हाही आठवडा देवाने आपल्या सगळ्यांना दाखवला, याबद्दल आधी त्याचे आभार मानतो आणि मग तुमच्या गुडघ्याची चौकशी करतो. ऑकलंडची थंडी त्याला मानवत नाही असं तुम्ही लिहिलं होतंत. मामींचा रक्तदाब आता जागेवर आला असेल अशी आशा आहे. इकडे सर्व क्षेम. डुकरीण व्याली, चर्चच्या छपराचं गळणं एकदाचं थांबलं, आणि लुपे व धाकटा फोलाउ ही दोन्ही पोरं धष्टपुष्ट आहेत (निदान परवाच्या रविवारपर्यंत माझी तशी समजूत होती).

तुम्हाला माहीतच आहे, तुमची सून साने सफरचंदं तोडायला तुमच्या देशात आली तेव्हा विमानतळावर मी तिला छाती काढून सांगितलं होतं, की घरच्या जेवणाची काळजी करू नकोस. मामा, यात माझा तितकासा दोष नाही. आपल्याकडे रविवारची जमिनीतली भट्टी पुरुषच लावतात. खड्ड्यात लाकडं पेटवायची, दगड तापवायचे, त्यांवर अन्न रचून वरून केळीची पानं आणि माती लोटायची, आणि मग तोंडाला काजळी फासून चर्चला जायची तयारी करताना बायकांकडे अशा नजरेने बघायचं, की जगाचं पोट आपल्याच जिवावर चाललंय. हे मी मिसरूड फुटल्यापासून करत आलोय. त्यामुळे आपल्याला स्वयंपाक येतो असं मी अगदी प्रामाणिकपणे समजत होतो. साने गेल्यावर लक्षात आलं, की अळू निवडणं, नारळाचं दूध काढणं, पानांत मांस घालून पुड्या बांधणं, मिठाचा अंदाज घेणं हे सगळं ती करायची, आणि मी जे करायचो त्याला शेकोटी म्हणतात.

मग सुरू झाले नूडल्स. सोमवारी नूडल्स, मंगळवारी जरा पातळ नूडल्स, बुधवारी पावात घालून नूडल्स. भात एकदा केला. तो पातेल्यातून निघाला तेव्हा पातेल्याच्याच आकाराचा होता आणि फोलाउने त्याच्यावर उभं राहून दाखवलं. कसावा उकडायला ठेवून मी शेजारी रग्बीचा सामना बघायला गेलो (पहिला अर्धाच बघणार होतो), आणि परत आलो तेव्हा लुपे शेगडी बंद करून, दारं-खिडक्या उघडून, धाकट्याला घेऊन अंगणात बसली होती. तिने जळकं पातेलं माझ्यापुढे सरकवलं. नऊ वर्षांच्या मुलीने असं करणं फार झोंबतं. पगाराच्या दिवशी मी पोरांना गावात तळलेली कोंबडी खायला नेत असे, पण पगार काही रोज होत नाही. तेव्हा बाहेर जेवण्याची मी दुसरी वाट शोधली. संध्याकाळी नेमक्या जेवणाच्या वेळी पोरांना घेऊन कुणातरी आजाऱ्याच्या समाचाराला जायचं. ‘बसा, दोन घास खा’ म्हणणार नाही असं घर आपल्या गावात नाही. माझ्याइतका आजाऱ्यांची विचारपूस करणारा माणूस कोलोवाईत झाला नाही, असं चर्चमध्येही बोललं गेलं. पलीकडच्या वाडीतली फातिमा आजी दमा बरा होऊन हिंडूफिरू लागली तेव्हा मला खरोखर वाईट वाटलं. तिच्या सुनेच्या हाताला चव आहे.

अशातच वावाउ बेटावरून लोसाली आत्याचा निरोप आला. निरोप एवढाच होता, की मुलं नूडल्स खातात असं कळलं, शुक्रवारच्या बोटीने येते, लुपेचे कपडे धुऊन ठेव.

मामा, तुम्ही आईकडचे. तुमच्यापाशी मी लहानपणी हट्ट केला, तुमच्या खिशातले पैसे काढले, तुमच्या टोपीत कोंबडीची अंडी ठेवली. आत्याची गोष्ट वेगळी. आत्याने मागितलं की द्यायचं, हे मला तुम्हीच शिकवलंत. मी आठ वर्षांचा असताना माझं पाळलेलं डुकराचं पिल्लू तिने नुसतं बोट दाखवून नेलं होतं, आणि मी रडू लागलो तेव्हा तुम्ही मला घराच्या मागे नेऊन सांगितलंत की हसत दे. मी हसत दिलं. पण ते पिल्लू होतं. लुपेला हसत देणं मला जमलं नसतं आणि ‘नाही’ म्हणणंही जमलं नसतं. बाबांची सगळ्यांत थोरली बहीण, तिच्या शब्दापुढे मी कोण? तिचं घर मोठं, परसात भाज्या, शाळा दारात. माझ्याकडे दाखवायला काय होतं, तर नूडल्सच्या रिकाम्या पाकिटांची गोणी.

शुक्रवारी आत्या आली. स्वयंपाकघरात गेली, पातेल्याच्या बुडावरून बोट फिरवलं, बोट पाहिलं आणि पुसलं. मग चटईवर बसून तिने जाहीर केलं, की रविवारचं जेवण बघते आणि मग काय ते ठरवते. म्हणजे माझी लेक माझ्याकडे राहणार की नाही हे आता अळूच्या पुड्यांवर येऊन ठेपलं. ती शनिवारी सकाळी नातेवाइकांना भेटायला गेल्याबरोबर मी रंगीत तालीम केली. पानं आणली, नारळ खवला, डब्यातलं मांस घातलं, पुड्या बांधल्या आणि जरा घाईनेच उकडल्या. पहिला घास मीच घेतला. अळू असं खाजलं, मामा, की मला हाक मारता येईना आणि मी फोलाउला हातवारे करून पाणी मागू लागलो. तो समजला की हा नाच आहे, आणि तोही नाचू लागला.

तेव्हा माझ्या डोक्यात ती अक्कल आली. संध्याकाळी मी बंदराजवळच्या चिनी खानावळीत गेलो, आंबट-गोड कोंबडी आणि परतलेला भात घेतला, घरी आणून सगळं केळीच्या पानांत बांधलं, वरून फॉइल गुंडाळलं आणि लपवून ठेवलं. रविवारी पहाटे भट्टी लावून त्या पुड्या कोनफळांच्या शेजारी दगडांवर ठेवल्या. अन्न आपल्या भट्टीत शिजलं म्हणजे ते आपलंच, असा मी स्वतःशी वाद घातला आणि जिंकलो. चर्चमध्ये मी इतक्या मोठ्या आवाजात गायलो की पुढच्या बाकावरचे लोक वळून बघू लागले.

दुपारी पानं वाढली. कोनफळं सोन्यासारखी भाजली होती (सांगितलं ना, शेकोटी मला येते). पुड्यांचा ढीग आत्यासमोर ठेवला. सगळे मांडी घालून बसले, आत्याने डोळे मिटले आणि लुपेला म्हणाली की प्रार्थना तू म्हण. मी निर्धास्त होतो. पोरींची प्रार्थना दोन ओळींची असते. लुपेने हात जोडले, डोळे घट्ट मिटले आणि सुरुवात केली:

“हे देवा, या जेवणाबद्दल तुझे आभार. कोनफळाबद्दल आभार, ते बाबांनी स्वतः भाजलंय. पुड्यांतल्या कोंबडीबद्दल पण आभार, ती बंदरावरच्या चिनी काकांनी केलीये, त्यांचं भलं कर. बाबांनी काल खरंखुरं अळू केलं होतं, पण ते खाजलं, म्हणून डुकरांना घातलं, आणि डुकरांनी पण नाही खाल्लं.”

मामा, प्रार्थना चालू असताना माणसाने बोलायचं नसतं. खोकायचंसुद्धा नसतं. घराला आग लागली तरी आमेनपर्यंत थांबणारी माणसं आपण. मी एक डोळा किलकिला करून आत्याकडे पाहिलं. तिचे डोळे मिटलेले होते, पण भुवया वर गेल्या होत्या. लुपे मात्र आता रंगात आली होती.

“लोसाली आजी मला न्यायला आलीये. तिच्याकडे सगळं चांगलंय, मला माहितीये. पण देवा, मी गेले तर बाबांना शेगडी बंद करायची आठवण कोण करणार? ते सोमवारी नूडल्स करतात, मंगळवारी पण करतात, पण मंगळवारी पाकीट कमी असतं, मग आम्हाला वाढतात आणि म्हणतात मला भूक नाही. त्यांना भूक असते. मी बघितलंय, ते नंतर पातेलं चाटतात. आईला लवकर आण. आमेन.”

आमेन मी म्हटलं की नाही ते मला आठवत नाही. आत्याने म्हटलं, अगदी ठसक्यात. मग तिने वरची पुडी उघडली. आत कोंबडी होती, आणि कोंबडीच्या बरोबर मधोमध सोयासॉसची छोटी प्लास्टिकची पुडी, भट्टीच्या उष्णतेने टम्म फुगलेली. ती मी काढायची विसरलो होतो. आत्याने ती दोन बोटांत उचलली, सगळ्यांना दिसेल अशी धरली, दातांनी फोडली आणि कोनफळावर ओतली. मग पानातलं सगळं संपवलं. दुसऱ्यांदा कोंबडीही घेतली. हात धुऊन झाल्यावर म्हणाली:

“पोरीला न्यायला आले होते मी, पेनि. पण तिला नेली तर तुझ्याकडे कोण बघणार? राहू दे तिला इथंच. आणि उद्या सकाळी कामावर सुट्टी टाक, अळू निवडायला बसायचंय.”

मी घराच्या मागे गेलो. लहानपणी पिल्लासाठी रडलो होतो तिथेच उभा राहून पुन्हा रडलो, एवढंच तुम्हाला सांगतो. या वेळी मला कुणी हसायला सांगायला आलं नाही.

सोमवारी आत्याने मला अळू शिकवलं. शिकवताना हातात नारळाच्या झावळीचा दांडा होता आणि तो नुसता धरण्यासाठी नव्हता. आता माझं अळू खाजत नाही, फारतर किंचित गुदगुल्या करतं. बुधवारच्या बोटीने आत्या परत गेली. तेव्हा आमची काळजी नसावी. मामींना नमस्कार, तुमच्या नातवंडांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक भाचा,
पेनिसिमानी

ता. क. बोटीच्या शिडीवर चढताना आत्या बोलून गेली, की नूडल्सची बातमी तिला ऑकलंडहून कळली. ऑकलंडमध्ये नूडल्सबद्दल मी एकाच माणसाला लिहिलं होतं, आणि त्या माणसाचा गुडघा दुखतो. मामा, तुमच्यावर माझा राग नाही. हे पत्रही वाचून खाली ठेवायच्या आत तुम्ही फोन उचलाल हे मी जाणतो. हा सगळा पसारा लिहिला तो खरं तर एका विनंतीसाठी. वावाउला काय सांगायचं ते खुशाल सांगा, पण सानेच्या कानावर यातलं अक्षरही घालू नका. ती दिवसभर शिडीवर उभी असते. घरी सगळं नीट चाललंय असं तिला वाटलं तरच ती मोसम पुरा करील. मी तिला फोनवर रोज सांगतो की आज अमुक केलं, तमुक केलं, आणि ती म्हणते, वा. त्या ‘वा’वर मी दुसऱ्या दिवसाचे नूडल्स करतो.

पुन्हा ता. क. पाकीट चिकटवताना लुपेने विचारलं, कोणाला काय लिहिलंत? सांगितलं. तर ती म्हणते, आईला सगळं माहीत आहे. रविवारी जेवणाआधी ती फोन लावून, आवाज बारीक करून आपल्या मांडीजवळ चटईखाली ठेवते, म्हणजे आईला तिकडे एकटीला प्रार्थना करावी लागत नाही. आत्या होती त्या रविवारीही ठेवला होता. आई काय म्हणाली, असं विचारलं. म्हणाली, आधी खूप हसली, मग नाक ओढलं आणि आमेन म्हणाली. तेव्हा मामा, वरची विनंती मागे घेतो. सानेला भेटाल तेव्हा एवढंच सांगा, की येत्या रविवारी फोन मध्येच ठेवू नकोस. प्रार्थना मी म्हणणार आहे.