दुकानापुढचा कासरा

शके १७८६, मार्गशीर्ष शुद्ध ३. अकोला.
आज कापसाच्या वखारीत गेलो होतो. काय ती शिस्त! अमेरिकेत लढाई, तिकडचा कापूस बंद, म्हणून इथं गाड्याच गाड्या. तरी साहेबापुढे गलका नाही. मधात दोरी. एका बाजूले शेतकरी, एका बाजूले काटा. तिथले कारकून केशवराव म्हणाले, याले 'रूल' म्हणतात. अन् माह्या किराणा दुकानात? बाया पोत्यात हात घालतात, गुळाचा खडा तोंडात टाकतात, सुनेची गाऱ्हाणी सांगत बसतात, अन् जाताना वरून मूठभर मागतात. बस झालं आता.

शुद्ध ४.
बैलाचा कासरा दुकानापुढे आडवा बांधला. रूल असे. गिऱ्हाईक कासऱ्याबाहेर. चाखणं बंद. वरची मूठ बंद. मोजणी एकापासून. आपल्याकडे सारे पहिल्या मापाले 'लाभ' म्हणतात, मग दोन, तीन. वखारीत सरळ 'एक' म्हणतात. त्याहिचं कुठं अडलं? पार्बता म्हणे, डोकं फिरलं काय तुमचं. बायकोले धंद्यातलं काय समजते!

शुद्ध ६. बाजाराचा दिवस.
गर्दी कमी. म्हणजे निवडक. पातूरचे पंजाबराव वाकून कासऱ्याखालून आत आले. म्या त्याहिले आदरानं बाहेर काढलं. ते समोर अन्सारच्या दुकानात गेले. अन्सार पहिले म्हशीची तब्येत विचारते, मग मीठ देते, वरून मूठभर टाकते. असा माणूस सहा महिन्यात बुडते.

शुद्ध ९. सकाळ.
मोठी बातमी! बाळापूरच्या गंगूबाईंचा निरोप आला. त्यांच्या उत्तमरावसाठी आमची पोरगी वच्छला मनात हाय. तेरसले स्वतः येणार, लग्नाचे तांदूळ आमच्याच दुकानातून घेणार. घर पसंत पडलं का तिथंच सुपारी. असं ठिकाण पुन्हा येत नाही. पार्बता म्हणे, तेवढा दिवस तरी कासरा सोडा. उलट! कोण्या घरी सोयरीक करून राहिल्या ते दिसू दे त्याहिले. निरोप आल्यापासून तीनदा दुकान झाडलं. धूळ लय असते.

शुद्ध १३. दुपार.
गंगूबाई आल्या. सरळ आत येऊ लागल्या, तर कासरा पोटाले लागला. म्या हात जोडून सांगतलं, बाहेरूनच बोला, सगळ्याहिले सारखा रूल. त्या थांबल्या. कासऱ्यावर हात ठेवून उभ्या राहिल्या. वच्छला पाण्याचा तांब्या घेऊन दारात. म्या पायली काठोकाठ भरली, वरून सपाट केली अन् खणखणीत आवाजात म्हटलं, "एक."
पार्बतानं तोंडाले पदर लावला.
गंगूबाई म्हणाल्या, "मागं वता ते तांदूळ."
म्या विचारलं, काहून.
"माह्या पोराच्या लग्नाचं पहिलं माप हाय ते."
अन् रस्ता ओलांडून समोर गेल्या. अन्सारनं पायली भरली अन् म्हटलं, "बरकत." त्याहिच्यात पहिल्या मापाले तसं म्हणतात. इथपर्यंत ऐकू आलं. वच्छलाचा तांब्या तसाच भरलेला.
मोठी माणसं हायेत. विचार करून सांगतील. शिस्त पाहून जरा दबल्या असतील.

वद्य २.
निरोप नाही. चांगल्या कामाले वेळ लागते. रस्त्यावर दमणीच्या बैलाहिच्या घुंगराचा आवाज आला का दारात जातो. हवा खायले. सात वेळा गेलो. पार्बता बोलत नाही. जेवायले वाढते, पण बोलत नाही.

वद्य ५.
अन्सार आला. कासऱ्याबाहेर उभा राहिला, मी आत बोलावलं तरी. म्हणे, गंगूबाईंनी जाताना माह्यापाशी निरोप ठेवला, सात दिवस जीभ उचलली नाही. निरोप असा: "ज्या घरी लाभ म्हणायले जड जाते, तिथली पोरगी माह्या घरी काय मोजंन?"
म्या हसून सांगतलं, आमीच नाही म्हणणार होतो. त्यानं मान हलवली. भांडला असता तर बरं झालं असतं.

वद्य ६.
दिवसभर एकही गिऱ्हाईक नाही. कासऱ्याबाहेर जाऊन उभा राहिलो, तिथून दुकान कसं दिसते ते पाहायले. काटा लय दूर दिसते.
तेवढ्यात घरातून वच्छला आली. सयपाकाचे तांदूळ घ्याले. मी बाहेर, ती आत. तिनं माप भरलं अन् हळूच म्हणाली, "लाभ." मग दोन. मग माह्याकडे न पाहता म्हणाली, "मी तं रोज असंच मोजते, बाबा. त्या दिवशी माप माह्या हाती द्याचं होतं."

कासरा सोडला. बैलाले लागते.