निशिगंधाचा गुडघा आणि मी सोडलेला राग

६ जानेवारी, मंगळवार
निशिगंधाचा गुडघा गेला. हातकणंगल्याच्या मोनानं कोपर मारून पाडलं. लेक खाली पडलेली बघून मी मैदानात धावले, मोनाची वेणी धरली. मग ढकलाढकली. त्यात कोणीतरी बाई दाणकन निशिगंधाच्या गुडघ्यावर पडली. एवढी जाड बाई कोण, शेवटपर्यंत कळलं नाही. डॉक्टर म्हणाले, चार आठवडे.
बास्केटबॉलच्या टीममध्ये उंच अशी हीच. आता अठराला पुन्हा हातकणंगल्याशीच मॅच. जिंकलो तर शेवटच्या चारात, आणि त्या मॅचेस फेब्रुवारीत. तोवर गुडघा बरा. एकोणीस वर्षांखालच्या गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. जिंकायलाच पाहिजे.
अंबाबाईला नवस बोलले: जिंकेपर्यंत राग सोडला. हे म्हणाले, साडी-नारळ बोल की. म्हटलं, राग सोडायला खर्च नाही.

७ जानेवारी
राग आला नाही. दहा वाजेपर्यंत.

९ जानेवारी
निशिगंधाच्या जागी वल्लरी खेळणार. बॉल आला की पोरगी डोळे मिटते. कोच बाळासो सरांना म्हटलं, चार दिवस माझ्याकडे द्या. अंगणात उभी केली, उशीनं मारलं. उशीतला कापूस बसलेला, म्हणून तांदूळ भरले होते. नाकातून रक्त आलं. रागानं मारलं नव्हतं, तेव्हा नवसाला धक्का नाही. तांदूळ निवडून परत डब्यात.

१२ जानेवारी
वल्लरी आता डोळे मिटत नाही. उशी हिसकावून मलाच दोन ठेवून दिल्या. डावा डोळा सुजलाय. आपण जिंकतोय.

१४ जानेवारी, संक्रांत
हळदीकुंकवाला गल्लीतली आक्का आली, मोनाची मावशी. म्हणाली, तुमची टीम म्हंजे एक पोरगी हुती, आता काय ऱ्हायलं? मी हसून तिळगूळ दिला. ती सांगत सुटलीय, फेकून मारला. लाडू मागच्या वर्षीचा होता, एवढंच. कपाळाला दोन टाके.

१७ जानेवारी
बाळासो सरांना म्हटलं, उद्या बेंचवर बसते, पोरींना पाणी द्यायला. सर म्हणाले, बसा ताई, पण हात मांडीखाली ठेवून. निशिगंधा म्हणाली, आई, तू घरीच थांब की. लहान आहे अजून.

१८ जानेवारी, रविवार
वल्लरीनं सतरा पॉइंट केले. शेवटची पाच सेकंद, बरोबरी. मोनानं तिच्या बरगडीत कोपर घातलं, रेफ्रीनं शिट्टी वाजवली नाही. माझे हात मांडीखालीच होते. पुढच्या रिकाम्या खुर्चीला लाथ बसली. खुर्ची रेफ्रीच्या नडगीला.
बेंचवरच्या माणसाचा फाऊल टीमवर लागतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. त्यांना एक फ्री थ्रो. मोनानं टाकला. एका पॉइंटनं हरलो.
खुर्चीवर माझा राग नव्हता. देवीला कळतं.

१९ जानेवारी
निशिगंधानं मोबाईल पुढे धरला. सहा तारखेचा व्हिडिओ. गुडघ्यावर पडलेल्या बाईची साडी हिरवी, काठाला मोर. म्हटलं, अशा साड्या कोल्हापुरात शंभर असतील. ती म्हणाली, मला त्याच दिवशी कळलेलं आई, वजन ओळखीचं होतं. मग भिंतीकडे तोंड करून झोपली.
दुपारी बोहारीण आली. हिरवी साडी दिली. चांगली हाय की, का देताय, म्हणाली. म्हटलं, लांबून ओळखू येते. बदल्यात पातेलं मिळालं. निशिगंधाचा गुडघा शेकायला त्यातच पाणी तापत ठेवलं.
गॅस विझला. पातेलं गळतंय.