‘खराब’ लिहिलेल्या प्लेटा

तंजावूर, मंगळवार, संध्याकाळ

लॅबची साफसफाई करणाऱ्या सेल्वी अक्काला आज नीट ‘थँक्स’सुद्धा म्हणता आलं नाही. निदान इथे तरी लिहिते.

राजस्थानच्या वाळूतून आलेली अश्वगंधेची मुळं मी स्पिरिटने, ब्लीचने धुऊन, तुकडे करून जिवाणू वाढवायच्या प्लेटांवर ठेवली होती. शुक्रवारी पाहिलं तर तुकड्यांभोवती पांढरी वाढ. वाटलं, धुणंच कच्चं राहिलं, बाहेरचे जंतू घुसले. वैतागून चिठ्ठ्यांवर ‘खराब’ लिहिलं आणि ‘खराब लिहिलंय तेवढ्या टाका’ असं अक्काला तमिळमध्ये सांगून घरी आले.

आज पाहते तर साऱ्या तिथेच! अक्का म्हणाली, “अम्मा, तुम्ही हिंदीत लिहिलंत. मला कळेना. न कळता कसं टाकू?”

हिंदी नव्हे हो, मराठी! बाबांनी शिकवलेली अक्षरं, घाईत हात तिकडेच वळतो. इथे ती वाचणार कोण?

चिडचिड करत मीच ढीग उचलला, तर तळाशी शेवटच्या धुण्याच्या पाण्याची प्लेट; धुणं कच्चं राहिलं असतं तर हिच्यावरही जंतू वाढले असते. शुक्रवारी ती बघायचीच राहिली होती. स्वच्छ. एक ठिपका नाही. म्हणजे धुणं पक्कं होतं! ते जिवाणू मुळांच्या आतलेच. झाडाला वाळवंटात तगवत असतील ते. वर्षभर मी त्यांचीच तर वाट पाहत होते.

‘खराब’. अक्काला तो शब्द वाचता आला नाही, म्हणून तिने टाकलं नाही. मला ती वाढ वाचता आली नाही, आणि मी टाकायला निघाले होते.