तिसऱ्या गाण्यातली उडी

४ मार्च, सोमवार

आला! खरंच आला! खांब स्वतः माझ्या दुकानात!

मी तोंडात दोन स्क्रू धरून कुणाच्या तरी गिटारची मान सरळ करत बसले होते. वर पाहिलं तर दारात हा. केस पांढरे झालेत, पण ताठा तोच. स्टेजवर जागचा हलायचा नाही म्हणून लोकांनी नाव पाडलं – खांब. स्क्रू गिळले नाहीत हे नशीब.

काळ्या पेटीत तो बेस होता – खर्जात वाजणारी चार तारांची गिटार. माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठा, फिकट पिवळा. खांबांच्या बँडची पहिली रेकॉर्ड याच्यावरच वाजली. ती ऐकून मी पंधराव्या वर्षी कामातून गेले, ती आजतागायत. स्टेजवर त्यांनी दुसरा वापरला, हा पेटीत जपून ठेवला. आता संग्रहालयाला द्यायचाय. मी तपासायचा, साफ करायचा आणि पत्र द्यायचं – पहिल्या रेकॉर्डवर यांनी वाजवलेला बेस तो हाच. शनिवारपर्यंत.

"तुमच्या सहीला मान आहे म्हणतात," म्हणाले. माझ्या सहीला!

आईला हाका मारल्या. वरून उत्तर, "कामात आहे." तिला या वाद्याचं वावडंच आहे. "ते धुडुम धुडुम बंद कर" ऐकतच मी मोठी झाले.

५ मार्च

काहीतरी चुकतंय.

तारा काढल्या, आतलं सगळं पाहिलं. सगळं मूळचं, एक स्क्रूही बदललेला नाही. पण झीज चुकीच्या जागी! उजव्या हाताने वाजवणाऱ्याचा बाहू वरच्या कडेवर टेकतो, तिथलं पॉलिश जातं. इथे वरची कड कोरी करकरीत आणि खालची कड, बटणांच्या बाजूची, पार लाकडापर्यंत घासलेली. पाठीवर कमरेच्या पट्ट्याच्या बकलाचा एक ओरखडा नाही. इतकी वर्षं वाजलेल्या बेसच्या पाठीवर बकल नाही?

म्हणजे कुणीतरी हा उलटा धरून वाजवला. डावखुऱ्याने. तारासुद्धा न बदलता, जाड तार खाली ठेवून. आणि खांब उजवा आहे. माझ्याकडे त्यांचे एकूणएक फोटो आहेत!

तीनदा तपासलं.

६ मार्च

आज वेड्यासारखं एक केलं. माझा स्वतःचा बेस उलटा धरला आणि तिसरं गाणं लावलं.

तिसऱ्या गाण्यात ती उडी आहे. सगळे तिलाच भुलतात. जाड तारेवरून सूर एकदम पातळ तारेवर जातो, कुठल्या कुठे, आणि काही झालंच नाही अशा थाटात परत येतो. ती जमावी म्हणून मी सहा वर्षं बोटं ताणली. मनगटाची वाट लागली, डॉक्टरांनी वाजवणं बंद करायला लावलं, म्हणून मी दुरुस्तीत शिरले. स्टेजवर खांब ती कधीच घ्यायचे नाहीत. आम्ही भक्त म्हणायचो, मोठा माणूस स्वतःची नक्कल करत नाही!

उलटा धरला आणि बोट नुसतं सैल सोडलं. पातळ तार आपोआप बोटाखाली आली. आलीच! मी, जिला धड येत नाही, तिने दुसऱ्या फटक्यात घेतली.

खुर्चीत बसून राहिले. दुकान उघडं, गिऱ्हाईक आलं आणि परत गेलं. त्या रेकॉर्डवर खांब वाजवतच नव्हते.

७ मार्च

आई सफरचंद कापत होती. सुरी डाव्या हातात, नेहमीसारखीच. – छे! काहीतरीच!

८ मार्च, शुक्रवार

काहीतरीच नव्हतं.

चहा घेऊन ती खाली आली. आज पेटी उघडी होती. कप टेबलावर ठेवला, बेस उचलला आणि न बघता उलटा केला. खालची कड वर आली. तिचा बाहू त्या उघड्या लाकडावर असा बसला की मला पुढे विचारावंच लागलं नाही.

"तुझ्या मामाचा होता," म्हणाली. "त्याने दोन महिन्यांत सोडला. मी आठ वर्षं वाजवला."

लग्नाआधीपासून ती रेकॉर्डिंग स्टुडिओत टायपिस्ट होती, एवढंच मला ठाऊक. बाकीचं आज कळलं: खांबांचा हात प्लास्टरमध्ये, स्टुडिओ ठरलेला, त्यांच्या नावाचं कव्हर आधीच छापलेलं. हिने सहाही गाणी वाजवली. सातव्या महिन्यात! कंपनीचा माणूस हसला होता म्हणे – पोट पुढे आलेली बाई बँडमध्ये? मग शब्द घेतला, कुणाला सांगायचं नाही. मी झाल्यावर तिने बेसही खांबांना देऊन टाकला.

मला आनंद व्हायला हवा होता. मी ओरडले.

"मी सहा वर्षं मनगट मोडून घेतलं! तू बघत होतीस!"

"म्हणून तर बंद कर म्हणायचे."

"उलटा धर, एवढंच सांगायचं होतंस!"

कप तसाच राहिला, चहावर साय आली. मी इतकी कुणावरच चिडले नाहीये आजवर. आणि पत्र उद्या द्यायचंय.

९ मार्च, शनिवार

पत्रात लिहिलं – पहिल्या रेकॉर्डवरचा बेस हाच. वाजवणारी व्यक्ती डावखुरी होती. नावाची जागा कोरी. सही केली. ज्याचे फोटो मी भिंतीवर लावले, त्याच्याच हातात ते दिलं.

खांबांनी उभ्यानेच वाचलं. मग खाली बसले. हललेलं मी त्यांना पहिल्यांदाच पाहिलं.

आई जिन्यात उभी होती. म्हणाली, "हात बरा झाला का तुमचा?"

चाळीस वर्षांनी! हे विचारलं!

म्हातारा रडायला लागला. "लोक मला त्या उडीचंच विचारतात. मला कधीच जमली नाही गं." खिशातून पेन काढून त्यांनीच कोऱ्या जागी तिचं नाव लिहिलं. पेटी इथेच ठेवून गेले. "संग्रहालय थांबेल," म्हणाले.

आईशी अजून मी नीट बोललेले नाही.

१० मार्च

सकाळी ती आपणहून खाली आली. मी नव्या तारा लावल्या होत्या. मी बेस पुढे केला. तिने तिसरं गाणं वाजवलं – बोटं अडखळत, पण तीच! उडीची जागा आली आणि ती सरळ पुढे गेली. उडी नाहीच.

"विसरलीस?" मी विचारलं.

"ती नव्हतीच गं गाण्यात. बेस पोटावर टेकलेला, तू आतून लाथ मारलीस, बोट घसरलं. परत घ्यायला टेप उरली नव्हती."